अमावास्येला अठराशे वॅट

भुतांबद्दल लहानपणी मला एकच शिकवण मिळाली होती : त्यांना घरी बोलवायचं नाही. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जायचं नाही, उतारा ओलांडायचा नाही, रात्री कुणी बाहेरून हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ही सगळी पथ्यं पाळत मी चाळिशी गाठली. मग न्यू जर्सीत घर घेतलं, घरापुढे हिरवळीचा एक तुकडा मिळाला, आणि दर ऑक्टोबरला मी चक्क पैसे मोजून भुतं विकत आणायला लागलो. त्यांना उभं राहायला अंगण, झोपायला गॅरेज आणि डोळ्यांत घालायला बॅटऱ्या, सगळं माझ्याच खर्चाने.

यात मी एकटा नाही. २०२३ साली अमेरिकेतले लोक हॅलोवीन या भुतांच्या सणावर १२.२ अब्ज डॉलर खर्च करतील, त्यातले ३.९ अब्ज नुसत्या सजावटीवर, असा नॅशनल रिटेल फेडरेशन या दुकानदारांच्या संघटनेचा अंदाज होता. मुळात आयर्लंडमधली गरीब माणसं या सणाला सलगम कोरून त्यात निखारा ठेवायची आणि तेवढ्यावर भुतांचं भागायचं. ती माणसं अमेरिकेत आली, त्यांना सलगमाऐवजी भोपळा मिळाला, आणि तिथून खर्च जो वाढत गेला तो आमच्या क्रेडिट कार्डापर्यंत येऊन पोचला.

माझी अडचण वेगळीच आहे. मी पुण्यात गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता होतो. माणूस मंडळातून बाहेर पडतो, देशातून बाहेर पडतो, पण मंडळ माणसातून बाहेर पडत नाही. मोकळी जागा दिसली की मला तिथे देखावा दिसतो. पहिल्या वर्षी मी दारात एक भोपळा आणि एक झाडू ठेवला होता. त्याच संध्याकाळी समोरच्या घरातला निवृत्त शेजारी हात मागे बांधून आमच्या अंगणापाशी येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान. कधी सुरू करताय?"

त्या दिवसापासून ही गोष्ट प्रतिष्ठेची झाली.

समोरच्याचा देखावा साधा. चार थडगी, एक अर्धवट उघडं फाटक, कुठेतरी झुडपात लपवलेला एक निळा दिवा. मी मनात म्हटलं, याचं बजेट कमी दिसतंय. मग मी जांभळ्या आणि नारिंगी दिव्यांच्या माळा आणल्या. हवा भरली की उठून बसणारी चेटकीण आणली. तिचा पंखा दिवसा बंद असतो, त्यामुळे दिवसभर ती अंगणात पालथी पडलेली असते आणि टपाल टाकायला येणारा माणूस तिला वळसा घालून जातो. कोळ्याची नकली जाळी आणली. पाकिटावरच्या चित्रात ती झुडपावर धुक्यासारखी तरंगत होती. आमच्या झुडपावर ती उशी फाटल्यासारखी दिसली. आणि हे सगळं नीट दिसावं म्हणून चारी बाजूंनी पांढरे फ्लडलाइट लावले.

"बाबा, इथे ऑपरेशन करणार आहेत का?" मुलाने विचारलं.

मुलगा बारा वर्षांचा. त्याने व्हिडिओ बघून प्रकाशयोजनेचा सखोल अभ्यास केलेला आहे. त्याचं म्हणणं असं, की समोरून प्रकाश टाकला की सावली वस्तूच्या मागे लपते आणि चेहरा सपाट होतो. प्रकाश खालून टाकायचा, म्हणजे डोळ्यांच्या खाचा काळ्या राहतात. किंवा बाजूने टाकायचा, म्हणजे सावली भिंतीवर चढते. दिवा स्वतः कधी दिसू द्यायचा नाही. आणि निम्मं अंगण अंधारात सोडायचं.

"निम्मं अंगण अंधारात? तिथे साठ डॉलरची वटवाघळं आहेत!"

"म्हणूनच."

हे माझ्या बुद्धीला पटेना. ज्या गोष्टीला पैसे पडले ती गोष्ट दिसली पाहिजे, या तत्त्वावर मी आजवर लग्न, वास्तुशांत आणि मुलाची मुंज पार पाडलेली आहे. मुलाने मग गावाचाच दाखला दिला. आम्ही राहतो वेस्ट विन्झरमध्ये. याच गावातल्या ग्रोव्हर्स मिल नावाच्या वस्तीत मंगळावरची माणसं उतरली, असं ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सच्या रेडिओनाट्यात सांगितलं गेलं आणि काही श्रोत्यांना ती खरीच बातमी वाटली. नेमके किती लोक घाबरले यावर अभ्यासक अजून भांडतात, पण गावाने त्या न घडलेल्या घटनेचं स्मारक मात्र बागेत उभारलं आहे. मुलगा म्हणाला, "वेल्सने एकही दिवा लावला नव्हता, बाबा."

"रेडिओ होता तो," मी म्हणालो, आणि आणखी एक फ्लडलाइट लावला.

तरीही समोरच्या थडग्यांपुढे लोक थांबत आणि माझ्यासमोरून नुसते डोळे किलकिले करून जात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडे उंची कमी पडतेय. मंडळात असं झालं की आम्ही मूर्ती दोन फूट वाढवायचो.

उंचीची सोय होम डेपो या दुकानसाखळीने २०२० सालीच करून ठेवली होती. बारा फुटी सांगाडा, किंमत २९९ डॉलर. करोनामुळे सगळा देश घरात बसून होता, आणि घरात बसलेल्या माणसाला काय काय आवश्यक वाटू शकतं याचा अंदाज कुणालाच नव्हता. सांगाडे हातोहात संपले. घेतल्यावर लोकांना कळलं, की बारा फुटी माणूस ठेवायला घरात जागा नसते. म्हणून ते तो वर्षभर अंगणातच उभा ठेवतात. डिसेंबरात सांताची टोपी, फेब्रुवारीत हातात लाल बदाम. मला तो जुन्या सामानाच्या जाहिरातीत मिळाला. "का विकताय?" म्हणून मी विचारलं. त्या गृहस्थांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, उत्तर त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"हा ठेवायचा कुठे?" आमच्याही पत्नीने पहिला प्रश्न तोच केला.

"अंगणात."

"आणि नोव्हेंबरात?"

"नोव्हेंबरचं नोव्हेंबरात बघू."

"अरे, त्याची मांडी आपल्या सोफ्याएवढी आहे," ती म्हणाली आणि शिडी धरायला आली. आमचा संसार अशा शिड्यांवरच टिकला आहे.

हा सगळा प्रपंच २०२४ च्या ऑक्टोबरातला. त्याच महिन्यात आई पुण्याहून दिवाळीसाठी आली. विमानतळावरून घरी आल्यावर गाडीतून उतरली, मान वर केली, आणखी वर केली आणि म्हणाली, "हा कोण?"

"सांगाडा आहे, आई."

"ते दिसतंय मला. कोण म्हणून मेला?"

आईचं माहेर कोकणातलं. तिथल्या भुतांची सगळी माहिती ठेवलेली असते. मुंज झाली पण सोडमुंजीआधीच गेला, तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. हडळीचे पाय उलटे. गिऱ्हा पाण्यात. वेताळ सगळ्यांचा राजा, तो अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन फेरीला निघतो. प्रत्येकाचं दुःख ठरलेलं, झाड ठरलेलं, नैवेद्य ठरलेला. आमच्या अंगणातल्या मंडळींना ना गाव, ना झाड, ना कसली इच्छा राहून गेलेली. आईने फुगलेल्या चेटकिणीचे पाय वाकून तपासले. सरळ होते. "खोटी आहे," तिने निकाल दिला.

रात्री मी मोठ्या अभिमानाने सगळे दिवे लावून तिला बाहेर आणलं. तिने पदर डोळ्यांवर धरला.

"एवढ्या उजेडात भूत कशाला येईल रे? उद्यापासून मीसुद्धा येणार नाही."

"पण आई, खर्च केलाय..."

"भूत दिसलं की संपलं. त्याची चाहूल लागली पाहिजे. आमच्या घरी मागच्या पडवीत एकच कंदील असायचा. विहिरीवर जायची कुणाची हिंमत नव्हती."

नातवाने आजीकडे आदराने पाहिलं. घरात आता मी अल्पमतात होतो.

अल्पमतात गेलेला कार्यकर्ता करतो तेच मी केलं : सामान वाढवलं. धुराचं यंत्र आणलं. ते ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण तापवून धुकं सोडतं आणि त्याला चारशे वॅट लागतात. आमच्या अंगणात प्लग एकच आहे. त्याची ताकद पंधरा अँपियर, म्हणजे १२० व्होल्टवर अठराशे वॅट. एका एक्स्टेन्शनला दुसरं, दुसऱ्याला तिसरं असं करत मी त्या प्लगमधून जे कुटुंब पोसत होतो ते पाहून कुठल्याही वायरमनने हात जोडले असते. तरी हिशेब बसत होता, कारण एलईडीच्या माळा वीज फार खात नाहीत. हिशेबात नव्हता तो हिरवळीवरचा फवारा.

इथे घराबाहेरच्या प्लगला जीएफसीआय नावाचं संरक्षण असतं. १९७३ पासून विजेच्या नियमावलीत ते सक्तीचं आहे. तारेतून गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत पाचेक मिलिअँपियरची जरी तफावत पडली, तरी ते क्षणार्धात सगळं बंद करतं. इतका चोख हिशेब आमच्या मंडळाच्या खजिनदाराने कधी ठेवला नव्हता. पहाटे फवारा सुरू झाला, एका जोडावर पाणी गेलं, तफावत पडली आणि बटण उडालं. ते बटण गॅरेजात, मी हॅलोवीनचे रिकामे खोके रचून ठेवले होते त्यांच्या बरोब्बर मागे. आणि त्याच बटणावर गॅरेजातला फ्रिजही चालतो, हे आम्हाला दुपारी कळलं.

"जीएफसीआयने आपला जीव वाचवला," मी समजावलं.

"करंज्यांचं सारण गेलं," आई म्हणाली.

"श्रीखंडपण," पत्नी म्हणाली. जीव वाचल्याचा आनंद घरात कुणालाच झाला नाही.

त्या वर्षी खरी गंमत पंचांगाने केली. भारतात लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर आधीच घोळ चालला होता. पुण्याला फोन केला तर तिकडे १ तारीख. पण न्यू जर्सीच्या घड्याळाप्रमाणे अमावास्या ३१ ला सकाळी लागत होती आणि १ ला सकाळीच संपत होती. म्हणजे प्रदोषकाळी अमावास्या हवी तर आमच्याकडे लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला. हॅलोवीनच्याच संध्याकाळी.

"तो हॅलोवीन एक दिवस पुढे ढकला म्हणावं," आई म्हणाली.

वाटतं तेवढं हे अशक्य नाही. २०१२ साली सँडी वादळ आलं तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरने अधिकृत आदेश काढून हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर नेला होता. पण आमच्यापुढे वादळ नव्हतं, नुसती आई होती. आणि गव्हर्नरला ते कसं समजावणार?

३१ तारीख उजाडली ती उन्हाळ्यासारखी. तापमान ऐंशी फॅरनहाइटच्या घरात. अख्ख्या महिन्यात राज्यात पाऊस म्हणावा असा पडलाच नव्हता. न्यू जर्सीच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा महिना ठरला. पानं पापडासारखी वाळलेली, आगीच्या इशाऱ्यांनी फोन सारखा वाजत होता. कोरलेले भोपळे उन्हाने गळून तोंडात दात नसलेल्या आजोबांसारखे झाले होते, उरलेसुरले खारींनी खाल्ले होते. आतला गर आईने आधीच काढून घारगे केले. कोरायचे भोपळे पाणचट असतात, त्यांना चव नसते. "भुताच्या भोपळ्याला चव कुठून येणार," म्हणत तिने गूळ वाढवला.

चॉकलेटं मागायला पहिली मुलं साडेपाचला आली. तेव्हा लख्ख ऊन होतं. २००७ पासून अमेरिकेत घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे हॅलोवीनला सूर्य जवळजवळ सहा वाजेपर्यंत हलत नाही. माझ्या महिनाभराच्या प्रकाशयोजनेवर सूर्य शांतपणे पाणी ओतत होता. लोकरीच्या अस्वलाच्या पोशाखातला एक मुलगा घामाने निथळत आला आणि चॉकलेटऐवजी पाणी मागून गेला.

अंधार पडायला आणि आमची आरती सुरू व्हायला एकच गाठ पडली. घंटा वाजली की ती देव्हाऱ्यातली की दारावरची हे कळेना. मुलगा एका हाताने टाळी वाजवत दाराकडे धावायचा आणि परत यायचा. तेवढ्यात दारात सहासात वर्षांची एक चेटकीण उभी राहिली. काळी टोपी, काळा झगा, हातात झाडू.

"अगंबाई," आई आरती सोडून उठली, "केरसुणी घेऊन आली!"

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीची पूजा करतो. आईला इथे केरसुणी मिळाली नव्हती, त्याची चुटपुट तिला सकाळपासून लागली होती. तिने त्या झाडूला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि मुलीच्या पिशवीत दोन चकल्या टाकल्या. मुलीची आई फाटकाजवळ उभी होती. इथे घरी केलेला आणि पाकीटबंद नसलेला खाऊ आईबाप मुलांना घेऊ देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी घाईघाईने सांगायला धावलो. तोवर तिने एक चकली मोडून स्वतःच्या तोंडात टाकली होती. "तपासून बघतेय," ती म्हणाली. दुसरीही तिनेच तपासली.

आता अंधार गडद झाला होता. मी धुराचं यंत्र सुरू केलं. धुकं जमिनीवर सरपटत जायला हवं. त्यासाठी ते बर्फाच्या खोक्यातून गार करून सोडायचं असतं. आमच्या खोक्यातला बर्फ आईने पन्ह्यात घातला होता. गरम धुकं जमीन सोडून सरळ वर गेलं, खिडकीतून घरात शिरलं आणि आतला धुराचा गजर ठणाणा करू लागला. समोरच्या शेजाऱ्याने काय पाहिलं? वाळलेली पानं, पायरीवर रांगेने पेटलेल्या पणत्या, घरातून निघणारा धूर आणि बोंबलणारा गजर. माणूस सत्तरीचा, पण बागेतला पाण्याचा पाइप ओढत तो ज्या वेगाने रस्ता ओलांडून आला त्याला तोड नाही.

"थांबा! खोटा धूर आहे!" मी ओरडलो.

त्याने पाणी मारलं. चेटकिणीवर, जाळीवर, एक्स्टेन्शनच्या तिन्ही जोडांवर. तफावत पडली.

अठराशे वॅट एका क्षणात गेले. फ्लडलाइट विझले. माळा विझल्या. चेटकिणीचा पंखा बंद पडला आणि ती लांब उसासा सोडत हळूहळू गुडघ्यांवर बसली. पायरीवर आईच्या पणत्या तेवढ्या मिणमिणत होत्या. धुकं भिजून खाली बसलं. आणि बारा फुटांवर, अधांतरी, दोन डोळे उघडझाप करत होते, कारण सांगाड्याचे डोळे बॅटरीवर चालतात.

फाटकाशी पोचलेली दहाबारा मुलं जागच्या जागी थिजली. मग त्यांतल्या एकाने जी किंकाळी फोडली तिच्यामागे बाकीचीही सुरू झाली. किंचाळत ती रस्त्याच्या टोकापर्यंत पळाली, तिथून किंचाळत परत आली आणि म्हणाली, "पुन्हा करा!"

शेजारी पाइप हातात धरून उभा होता. बराच वेळ त्याने अंधाराकडे पाहिलं. "कमाल आहे," तो शेवटी म्हणाला. "हा इफेक्ट कसा काय साधलात?"

"अनुभव," मी म्हणालो. "पुण्यात आम्ही हेच करायचो."

मुलाने आजीकडे पाहिलं, आजीने नातवाकडे पाहिलं, आणि दोघं करंजीविना उरलेल्या फराळाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी आईपुढे नवाच पेच होता. तिने पुण्याहून आकाशकंदील आणला होता आणि तो टांगायला घराला पुरेसं उंच काही नव्हतं. शोधता शोधता तिची नजर वर गेली. दुपारी पत्नी शिडी धरून आणि मी शिडीवर, असा तो सोहळा पार पडला. उजव्या हातात कंदील घेऊन सांगाडा असा काही उभा राहिला, की जणू त्याचा जन्मच त्यासाठी झाला होता.

आठवड्याभरात वसाहतीच्या समितीचं पत्र आलं : हॅलोवीन संपला आहे, कृपया आकृती काढून घ्यावी. आईने उत्तर सांगितलं, मी टाइप केलं : "सदर आकृती हॅलोवीनची नसून दिवाळीच्या कंदिलाचा आधार आहे. दिवाळी आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत चालते." कुणाच्या धर्मात हात घालायला समिती घाबरते. सांगाड्याला धार्मिक कारणास्तव मुदतवाढ मिळाली. तुळशीचं लग्न लावून आई परत गेली, तोवर थँक्सगिव्हिंग आलं, पुढे नाताळाचे दिवे लागले, आणि नाताळात अंगणातून काहीही काढा म्हणायची या देशात कुणाची छाती नाही.

समोरचा शेजारी एकदा येऊन कंदील निरखून गेला. कुठे मिळतो, किंमत काय, आत दिवा किती वॅटचा, सगळं विचारलं. मी ओक ट्री रोडवरच्या भारतीय बाजारातलं दुकान सांगितलं. चारच दिवसांनी त्याच्या अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहिला. दोन्ही हातांत एकेक कंदील.

म्हणजे आमच्या रस्त्यावर आता दोन मंडळं झाली. फूट पडल्याशिवाय उत्सव मोठा होत नाही, हे पुण्यात मी फार लवकर शिकलो होतो. मी पत्नीला शिडी धरायला हाक मारली. तिने पहिल्या हाकेला ओ दिली नाही.